मुंगसाची मुळी

नाग फणा काढून तडाखे मारतो, मुंगूस अंग फुलवून ते चुकवते. आणि एखादा दंश लागलाच तर झुंज अर्धी टाकून ते रानात पळते, कुठल्याशा झुडपाची मुळी उकरून खाते, आणि ताजेतवाने होऊन पुन्हा नागासमोर उभे राहते. ही गोष्ट ऐकल्यावाचून आपल्याकडचे मूल लहानाचे मोठे होत नाही. ती मुळी कोणती, हे गोष्ट सांगणाराला सहसा ठाऊक नसते. रानात वावरणाऱ्यांना मात्र ते झुडूप पक्के ठाऊक आहे. आपल्याकडे त्याला मुंगूसवेल म्हणतात. कोणी अडकई म्हणतात, कोणी हरकई. ग्रंथातले नाव सर्पगंधा.

नावात वेल असली तरी ही वेल नव्हे. गुडघ्या-मांडीएवढे वाढणारे हे एक लहानसे झुडूप आहे. कण्हेर, तगर आणि सदाफुली यांच्या कुळातले. एकेका पेरावर तीन-तीन चार-चार पाने गोल मांडलेली, लाल देठांवर पांढरी-गुलाबी फुलांची झुपके, आणि पिकल्यावर काळसर जांभळी होणारी वाटाण्याएवढी फळे. सह्याद्रीच्या ओलसर सावलीत ते उगवते, तसेच हिमालयाच्या पायथ्याशी, बिहार-बंगालात, ब्रह्मदेशात आणि लंकेतही. सारे महत्त्व जमिनीखाली. मूळ सापासारखे वळसे घेत जाणारे, आणि चवीला असे कडू की एकदा जिभेला लागले की तासभर विसरता येत नाही.

मौज अशी की सापाच्या विषावर या मुळीचा काडीइतकाही उपयोग नाही. मुंगूस वाचते ते आपल्या चपळाईने, आणि जन्मतः मिळालेल्या एका देणगीने. नागाचे विष ज्या जागी चिकटून स्नायू लुळे पाडते, ती जागाच मुंगसाच्या शरीरात अशी घडलेली असते की विषाला तिथे नीट पकड मिळत नाही. मुळी खाण्याची त्याला गरज नाही. ज्या माणसांनी या गोष्टीवर विसंबून सर्पदंशावर ही मुळी उगाळून पाजली आणि दवाखान्याची वाट धरली नाही, त्यांच्या हातून किती जीव गेले असतील त्याची मोजदाद कोणी ठेवलेली नाही.

पण म्हणून मुळी खोटी ठरत नाही. तिचा खरा गुण निराळाच होता. तो ओळखायला आणि कागदावर नीट मांडायला माणसाला शतके लागली. आणि तो जगभर गाजल्यावर तिचा दोष कळायला मात्र दोन-तीन वर्षेही लागली नाहीत. या दोन गोष्टी एकाच मुळीच्या पोटात कशा होत्या, आणि त्यांतून औषधांच्या कायद्याला काय शिकावे लागले, ती कथा आज सांगण्यासारखी आहे. कारण आज घरोघरी फडताळात वनस्पतींच्या गोळ्यांच्या बाटल्या येऊन बसल्या आहेत, आणि प्रत्येक बाटलीबरोबर एक वाक्य आले आहे : 'वनस्पतीचेच आहे, अपाय काही नाही.'

*

या कथेचे पहिले छापील पान आपल्या शेजारीच, गोव्यात सापडते. १५३४ साली गार्सिया द ऑर्ता नावाचा पोर्तुगीज वैद्य गोव्याला आला. मोठा चौकस माणूस. अहमदनगरच्या निजामशहाच्या दरबारात त्याची ये-जा असे. मुंबई बेट तर काही वर्षे त्याच्याकडे खंडाने होते. हिंदुस्थानातल्या वनस्पती आणि औषधे यांवर त्याने प्रश्नोत्तरांच्या रूपात एक ग्रंथ लिहिला आणि तो १५६३ साली गोव्यातच छापला. या देशात छापखाना येऊन तेव्हा सात वर्षे झाली होती. त्या ग्रंथात सापाच्या विषावर चालणाऱ्या लाकडांची हकीकत आहे, आणि मुंगसाची गोष्टही आहे. त्या लाकडांपैकी एक म्हणजे आपली सर्पगंधा असावी, असे पुढच्या अभ्यासकांनी मानले आहे. ऑर्ताने जे लोकांकडून ऐकले ते प्रामाणिकपणे टिपले. ऐकलेले खरे की खोटे हे तपासण्याचे साधन त्याच्यापाशी नव्हते.

वनस्पतिशास्त्रातल्या नावाची कथा याहून गमतीची. सोळाव्या शतकात लिओनहार्ट राउवोल्फ नावाचा एक जर्मन वैद्य औषधी वनस्पतींच्या शोधात सीरिया-इराककडे गेला होता. अलेप्पोच्या बाजारात लोक कॉफी पितात, हे युरोपला सांगणाऱ्या पहिल्या काही लोकांपैकी तो एक. तो हिंदुस्थानात कधी आलाच नाही, आणि ही मुळी त्याने बहुधा पाहिलीही नसेल. पण १७०३ साली प्ल्युमिए नावाच्या फ्रेंच वनस्पतिज्ञाने या जातकुळीला त्याच्या सन्मानार्थ 'राउवोल्फिया' असे नाव दिले. ज्यांनी पिढ्यान्‌पिढ्या ती मुळी खणली, वाळवली, कुटली, त्यांच्यापैकी कोणाचेही नाव तिला लागले नाही. जगाचा हा न्याय नवा नाही.

सर्पगंधेचा खरा गुण जपला तो बिहारच्या खेड्यापाड्यांनी. तिथे तिला धवलबरुआ म्हणत. आणि दुसरे नाव होते 'पागल की दवा'. चवताळलेल्या वेड्या माणसाला या मुळीचे चूर्ण दिले की तो शांत होतो, झोपतो, हे तिथल्या वैद्य-हकिमांना ठाऊक होते. याहून एक गोष्ट अंगावर काटा आणणारी आहे. त्या भागातल्या गरीब घरांत रडणाऱ्या मुलांना झोपवण्यासाठीही या मुळीचा वापर होई, अशी नोंद मिळते. दिवसभर मोलमजुरीला जाणाऱ्या आईने दुसरे काय करावे? मूल झोपे, हे खरे. पण ती झोप कशाची होती, हे त्या आईला सांगणारे कोणी नव्हते.

*

यानंतर आले १९३१ साल. या एका सालात या मुळीच्या बाबतीत तीन गोष्टी घडल्या, आणि त्या तीन निरनिराळ्या माणसांच्या हातून घडल्या.

कलकत्त्यात कविराज गणनाथ सेन आणि डॉक्टर कार्तिकचंद्र बोस या दोघांनी एका वैद्यकीय नियतकालिकात लेख लिहून जाहीर केले की ही मुळी वेडावर आणि वाढलेल्या रक्तदाबावर गुणकारी आहे. एक आयुर्वेदाचा पंडित, एक पाश्चात्त्य वैद्यकाचा जाणकार. दोघांनी मिळून एका झुडपाकडे पाहिले, हीच त्या काळी अपूर्वाई.

त्याच वर्षी दिल्लीच्या तिब्बिया कॉलेजात सलीमुज्जमाँ सिद्दीकी आणि रफत हुसेन सिद्दीकी या रसायनशास्त्रज्ञांनी या मुळीतून स्फटिकरूप द्रव्ये वेगळी काढली. त्यांतल्या एकाला त्यांनी, ज्यांच्या प्रेरणेने ती संशोधनशाळा उभी राहिली त्या हकीम अजमल खान यांच्या स्मरणार्थ, 'अजमलीन' हे नाव दिले. हकीमसाहेब तोवर वारले होते. नव्वदांहून अधिक वर्षे लोटली, तरी हृदयाच्या ठोक्यांचा एक दुर्मिळ आनुवंशिक दोष ओळखण्यासाठी डॉक्टर हे अजमलीन टोचून परीक्षा घेतात. राउवोल्फला जे फुकट मिळाले, ते हकीमसाहेबांना निदान शोभले तरी.

तिसरी गोष्ट म्हणजे एक अहवाल. कलकत्त्याच्या उष्णकटिबंधीय वैद्यक शाळेतले कर्नल रामनाथ चोप्रा यांच्या अध्यक्षतेखाली सरकारने १९३० साली औषध चौकशी समिती नेमली होती. बाजारात बनावट औषधांचा नुसता सुळसुळाट झाला होता. हिवतापाने लोक पटापट मरत होते, आणि क्विनीन म्हणून विकल्या जाणाऱ्या गोळ्यांत क्विनीनच नसे. १९३१ साली समितीने आपला अहवाल दिला : औषधांवर कायद्याचा अंकुश हवा. आणि हेच चोप्रा, थोड्याच काळाने, आपल्या प्रयोगशाळेत सर्पगंधेचा प्राण्यांच्या रक्तदाबावर काय परिणाम होतो ते तपासत होते. मुळीचा गुण पाहणारा आणि कायद्याचा आग्रह धरणारा, दोन्ही एकच माणूस होता. पुढे या दोन वाटा फार दूर गेल्या, म्हणून हे लक्षात ठेवले पाहिजे.

*

आता आपण मुंबईला येऊ. रुस्तम जाल वकील हे मुंबईतले पारशी हृदयरोगतज्ज्ञ. लंडनला शिकून आलेले, परळच्या के. ई. एम. रुग्णालयाशी संबंध असलेले. सर्पगंधेच्या गोळ्या तेव्हा बाजारात मिळत असत. हिमालया ड्रग कंपनीने 'सर्पिना' या नावाने त्या १९३४ सालीच आणल्या होत्या, आणि मुंबईचे अनेक डॉक्टर त्या देतही असत. गुण येतो असे सारेच म्हणत. पण 'गुण येतो' म्हणणे वेगळे, आणि किती जणांना आला, किती आला, कशाने आला हे दाखवणे वेगळे.

वकिलांनी रक्तदाबाचे ५० रुग्ण घेतले, त्यांना ही गोळी दिली, आकडे मांडले आणि १९४९ साली 'ब्रिटिश हार्ट जर्नल' या नियतकालिकात ते प्रसिद्ध केले. आजच्या कसोटीने ती पाहणी लहानच म्हणायची. पण त्या काळी वाढलेल्या रक्तदाबावर डॉक्टरांच्या हाती होते काय? भाताचे अळणी पथ्य, विश्रांती, आणि कोणाकोणाच्या पाठीतल्या नसा कापणारी भयंकर शस्त्रक्रिया. अशा वेळी मुंबईचा एक डॉक्टर आकडे पुढे ठेवून सांगतो की एका हिंदी मुळीने रक्तदाब उतरतो, तेव्हा जगाने मान वळवून पाहिले यात नवल नाही. शेकडो वर्षे जी गोष्ट तोंडातोंडी होती, ती वहीत उतरल्याबरोबर तीन वर्षांत जगभर गेली.

बोस्टनच्या रॉबर्ट विल्किन्स यांनी ती मुळी मागवून आपल्या रुग्णांना देऊन पाहिली. स्वित्झर्लंडमधल्या बासेल शहरी सिबा कंपनीच्या म्युलर, श्लिट्लर आणि बाइन या शास्त्रज्ञांनी १९५२ साली मुळीतले मुख्य द्रव्य वेगळे काढले. त्याचे नाव रेसर्पीन. न्यूयॉर्कजवळच्या रॉकलंड येथील मनोरुग्णालयात नेथन क्लाइन यांनी ते मनोरुग्णांना दिले आणि १९५४ साली निष्कर्ष प्रसिद्ध केले. तिथल्या काचा बसवणाऱ्या कारागिराच्या ध्यानात आले म्हणे की हल्ली खिडक्या फुटेनाशा झाल्या आहेत! बिहारच्या खेड्यातली 'पागल की दवा' अशी अमेरिकेच्या रुग्णालयात पोचली. १९५७ साली अमेरिकेतले मानाचे लास्कर पारितोषिक ज्यांना मिळाले, त्यांत क्लाइन होते आणि मुंबईचे वकीलही होते.

या द्रव्याने आणखी एक दार उघडले. रेसर्पीन दिलेले ससे हालचाल सोडून गोळा होऊन बसत. स्वीडनचे आर्विद कार्लसन यांनी १९५७ च्या सुमारास दाखवले की मेंदूतले डोपामिन नावाचे द्रव्य संपल्यामुळे हे होते, आणि ते तयार करणारे 'एल-डोपा' टोचले की ससा पुन्हा उड्या मारू लागतो. कंपवातावरची आजची मुख्य उपाययोजना या सशांपासून निघाली. कार्लसन यांना २००० साली नोबेल पारितोषिक मिळाले. मुंगसाची मुळी कुठून निघाली आणि कुठे पोचली पाहा!

*

इथे गोष्ट संपली असती तर दिवाळीच्या फराळाबरोबर वाचायला फार गोड झाली असती. पण जे द्रव्य चवताळलेल्या माणसाला शांत करते, ते शांत माणसाला काय करील?

१९५४ सालीच वॉशिंग्टनचे एडवर्ड फ्राइस यांनी लिहिले की रक्तदाबासाठी हे औषध मोठ्या मात्रेत दीर्घकाळ घेणारे काही रुग्ण खोल उदासीनतेत बुडाले. खाणेपिणे सुटले, झोप उडाली, जगण्यातला रस गेला. पुढे आत्महत्यांच्याही बातम्या आल्या. मुळी मेंदूतली जी द्रव्ये रिकामी करते त्यांवरच मनाची उभारी पुष्कळशी अवलंबून असते, असे मग पुष्कळ शास्त्रज्ञ मानू लागले. ही गोष्ट सगळ्यांनाच होते असे नाही, आणि अल्प मात्रेत ती कितपत होते यावर आजही वाद आहे. पण डॉक्टर सावध झाले ते कायमचेच. याखेरीज नाक चोंदणे, नाडी मंदावणे, पोटातल्या व्रणाचा त्रास वाढणे, हे होतेच.

तेव्हा हे औषध फेकून दिले काय? नाही. आणि मला या साऱ्या कथेतली सर्वांत शिकण्यासारखी गोष्ट हीच वाटते. ज्या फ्राइसनी दोष दाखवला, त्यांनीच पुढे मात्रा कमी करून, इतर दोन औषधांच्या जोडीने हेच रेसर्पीन अमेरिकेच्या माजी सैनिकांना देऊन पाहिले. तीव्र रक्तदाबाचे १४३ रुग्ण. निम्म्यांना खरी औषधे, निम्म्यांना हुबेहूब तशाच दिसणाऱ्या पण गुणहीन गोळ्या. १९६७ साली निकाल छापला गेला : गुणहीन गोळ्या घेणाऱ्यांत २७ जणांना गंभीर विकार उद्भवले, खरी औषधे घेणाऱ्यांत फक्त २ जणांना. रक्तदाब उतरवला तर माणूस वाचतो, याचा जगातला पहिला ठाम पुरावा तो हा. आणि त्यात आपल्या मुळीचा वाटा होता.

म्हणजे गुण तीच मुळी देते, दोषही तीच देते, फरक मात्रेचा. रक्तदाबासाठी रेसर्पीन आज दिलेच तर दिवसाला फार तर पाव मिलिग्रॅम देतात. सोनाराच्या तराजूतली एक गुंज घ्या, तिचे पाचशे भाग करा. त्यांतला एक भाग. आता मुळीचे पाहा. एका मुळीत औषधी द्रव्ये शेकडा एकाहूनही कमी असतात, तर दुसरीत तीनापर्यंत जातात. जमीन, ऋतू, झाडाचे वय यांवर ते ठरते. शिवाय साल ठेवली की सोलली, यावरही, कारण बहुतेक सारे सत्त्व सालीतच असते. चिमूटभर चूर्ण म्हणजे किती, हे चिमटीला कळत नाही.

त्यात भर पडली ती माणसाच्या हावेची. जगाची मागणी वाढली तशी रानेच्या राने खणली गेली. या झाडाचे मूळ काढणे म्हणजे झाड मारणेच. सर्पगंधा विरळ होत गेली, आणि पोत्यांत तिच्याच कुळातल्या दुसऱ्या झुडपांची मुळे मिसळून येऊ लागली. शेवटी १९९० साली वन्य जीवांच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर निर्बंध घालणाऱ्या कराराच्या दुसऱ्या परिशिष्टात या मुळीचे नाव गेले.

*

आता कायद्याकडे वळू. चोप्रा समितीच्या अहवालानंतर नऊ वर्षांनी, १९४० साली, औषधांचा कायदा झाला. पण निव्वळ आयुर्वेदीय आणि युनानी औषधे त्यातून वगळली होती. सरकार परकी, वैद्य-हकीम आपले. ढवळाढवळ कोणालाच नको होती. परिणाम असा की सर्पगंधेतून काढलेले द्रव्य कायद्याच्या कक्षेत, आणि खुद्द सर्पगंधा कक्षेबाहेर! स्वातंत्र्य येण्याच्या सुमारास देशी वैद्यकाचा विचार करायला दुसरी समिती नेमली गेली, तिचेही अध्यक्ष चोप्राच होते. १९४८ साली तिचा अहवाल आला. तरी आयुर्वेदीय औषधांच्या निर्मितीसाठी कायद्यात स्वतंत्र प्रकरण घातले गेले ते १९६४ साली. त्याप्रमाणे औषध बनवायला परवाना लागतो, वेष्टनावर घटक लिहावे लागतात, आणि चरक, सुश्रुत, वाग्भट, भावप्रकाश अशा मान्य ग्रंथांची यादीच कायद्याला जोडलेली आहे. कारखाना कसा असावा, स्वच्छता कशी असावी, याचे नियम २००० साली आले.

या कायद्यात एक गोष्ट ध्यानात घेण्यासारखी आहे. ग्रंथात सांगितलेले औषध ग्रंथात सांगितलेल्या रोगासाठी विकायचे असेल तर त्याचा गुण नव्याने सिद्ध करावा लागत नाही. ग्रंथ हाच पुरावा. ग्रंथांविषयी मला आदर आहे. पण वकिलांनी आपले ५० रुग्ण मांडले तेव्हा ग्रंथ बाजूला ठेवला नव्हता; ग्रंथाने आणि लोकांनी जे सांगितले ते खरे आहे की नाही, एवढेच पाहिले. त्याने ग्रंथाचा मान वाढला, घटला नाही.

दुसरा कायदा १९५४ सालचा, औषधांच्या आक्षेपार्ह जाहिरातींविरुद्धचा. अमुक रोग हटकून बरा करतो अशी जाहिरात ज्यांच्याबाबत करता येत नाही, त्या रोगांच्या यादीत मधुमेह आहे, हृदयविकार आहे, रक्तदाबही आहे. क्लाइननी आपले निष्कर्ष छापले आणि फ्राइसनी धोक्याची घंटा वाजवली, तेही याच वर्षी. या मुळीने रक्तदाब उतरतो हे जगात सिद्ध झाले, पण तिची जाहिरात करून ती विकायची नाही, असे आपला कायदा म्हणतो. आणि बरोबर म्हणतो. ज्या औषधाला खरोखर जोर आहे, ते जाहिरात वाचून घ्यायचे नसते.

तिसरी वाट अलीकडची. तीच वनस्पती गोळीत भरायची, पण औषध म्हणून नव्हे, तर 'पूरक आहार' म्हणून विकायची. २००६ च्या अन्नसुरक्षा कायद्याखाली अशा पूरक पदार्थांचे नियम झाले. त्यांच्या वेष्टनावर 'औषधी वापरासाठी नाही' असे छापावे लागते. बाटली उलटी करून बारीक अक्षरे वाचा, सापडेल. पुढच्या बाजूला मात्र शक्ती, शांती, प्रतिकार, असे मोठमोठे शब्द असतात. माणूस घेतो तो पुढची बाजू वाचून. अमेरिकेनेही १९९४ साली असाच कायदा करून पूरक पदार्थांना मोकळीक दिली : विकण्याआधी गुण सिद्ध करायला नको, अपाय होतो हे सरकारने सिद्ध करावे. वजन उतरवण्यासाठी विकली जाणारी एफेड्रा वनस्पती तिथल्या सरकारला बंद करता आली ती २००४ साली, अनेक माणसे दगावल्यावर. त्याच वर्षी प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीत बोस्टनच्या दुकानांतून दक्षिण आशियातली ७० आयुर्वेदीय औषधे घेऊन तपासली होती, तर १४ औषधांत शिसे, पारा किंवा सोमल निघाला.

*

वर्गात मुलांना विचारावे, 'झाडपाल्याचे औषध अपाय करते का?' सगळा वर्ग एकमुखाने म्हणतो, 'नाही!' मग विचारावे, 'धोत्रा झाड आहे की दगड?' वर्ग गप्प होतो. जी वनस्पती काहीच करत नाही, तीच काही अपाय करत नाही. जिच्यात गुण आहे तिच्यात धार आहे. विळी भाजी चिरते म्हणूनच बोटही चिरते.

कोणी म्हणेल, आमच्या आज्या-पणज्यांचा बटवा होता, तो काय अडाणीपणाचा होता? मुळीच नाही. आजीचे बाळगुटी उगाळणे आठवून पाहा. सहाणेवर हळकुंडाचे इतके वेढे, हिरड्याचे इतके, जायफळाचा आणि वेखंडाचा मात्र एखादाच. हे वेढे मोजणे म्हणजे मात्रा. मूल महिन्याचे झाले की वेढे वाढत, जुलाब झाले की एखादी मुळी वगळली जाई. आणि उद्या काय झाले हे पाहायला आजी घरातच असे. तिने वही ठेवली नाही, पण ध्यान ठेवले. बाटलीतल्या गोळीपाशी ना आजी आहे, ना वकिलांची वही. आजीचा आधार दाखवून बाटली विकली जाते, पण आजीचा वेढा तिच्यात नसतो.

ताजे उदाहरण गुळवेलीचे. महामारीच्या काळात २०२० साली घरोघरी गुळवेलीचा काढा उकळू लागला. त्या वर्षाच्या अखेरच्या चार महिन्यांत मुंबईच्या डॉक्टरांनी यकृताला इजा झालेले ६ रुग्ण पाहिले. सगळे गुळवेल घेत होते. त्यांनी ते २०२१ साली प्रसिद्ध केले. आयुष मंत्रालयाने आक्षेप घेतला की गुळवेल नव्हे, तिच्यासारखी दिसणारी दुसरी वेल लोकांनी घेतली असेल. पुढे देशातल्या १३ ठिकाणच्या डॉक्टरांनी मिळून असे ४३ रुग्ण नोंदले. वाद अजून मिटलेला नाही. पण सामान्य माणसाने काय समजावे? वेल चुकीची असली तर ओळख चुकली; वेल खरी असली तर मात्रा किंवा माणूस चुकला. दोन्हींत इजा झाली ती घेणाराला.

आणि ज्येष्ठमध? खोकल्याला एखादी काडी चघळली तर बिघडत नाही. पण रोज महिनोन्‌महिने घेतले तर ज्येष्ठमध रक्तदाब चढवते आणि शरीरातले पोटॅशियम उतरवते. ज्या घरात रक्तदाबाची गोळी चालू आहे त्या घरात ज्येष्ठमधाचा काढाही रोज चालू असावा, आणि गोळी लागू का पडत नाही म्हणून डॉक्टर डोके खाजवीत असावा, हे अशक्य मुळीच नाही. कारण काढ्याबद्दल डॉक्टरला कोणी सांगतच नाही. सर्पगंधेच्या गोळ्या तर आजही आयुर्वेदाच्या दुकानांत मिळतात. मनाच्या उदासीनतेवर किंवा हृदयावर दुसरे औषध चालू असताना कोणी 'झोपेसाठी' त्या परभारे सुरू केल्या, तर काय होऊ शकते, ते १९५४ सालीच लिहून ठेवलेले आहे.

म्हणून मागणी फार मोठी नाही. वैद्य असो की डॉक्टर, त्याला घरात चालू असलेले सगळे सांगावे. काढा, चूर्ण, गोळी, परदेशातल्या भाच्याने पाठवलेली बाटली, सगळे. शस्त्रक्रिया ठरली असेल, घरात बाळंतपण असेल, मूल तान्हे असेल, तर कोणतीही मुळी जाणकाराला विचारल्याखेरीज देऊ नये. वेष्टनावर परवाना, घटक आणि बनवणाराचे नाव नसेल तर ती बाटली कितीही स्वस्त असली तरी महागच. आणि 'अपाय काही नाही' असे कोणी म्हणाले, तर मनात म्हणावे : मग गुण तरी काय असणार?

धनत्रयोदशीला वैद्य धन्वंतरीची पूजा करतात, आणि लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी व्यापारी नव्या वहीची. या दोन पूजा दोन दिवसांनी का होईना, एकाच सणात येतात, हे मला फार अर्थपूर्ण वाटते. व्यापारी जाणतो की पैसा वहीत नोंदला नाही तर तो आला काय आणि गेला काय, सारखेच. औषधाचेही तसेच आहे. मुंगसाची मुळी शेकडो वर्षे जमिनीत होती, गोष्टीत होती, गरीब बिचाऱ्या आईच्या हातात होती; पण तिने कोणाला वाचवले आणि कोणाला बुडवले हे वहीत मांडले गेले तेव्हाच ती औषध झाली. यंदा फडताळ झाडताना त्या बाटल्या काढून पाहाव्यात. कोणती कोण घेतो, किती घेतो, कशासाठी घेतो, हे एका कागदावर लिहून तो कागद फडताळाच्या दाराला आतून चिकटवावा; आणि दवाखान्यात जाताना बरोबर न्यावा.